अध्ययन-सवयी, महाविद्यालयीन

महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना ज्ञान मिळविणे, ते टिकविणे व प्रसंगी त्याचा उपयोग करणे यांसाठी विद्यार्थी ज्या कृती वारंवार आणि कालांतराने फारसा विचार न करता करू लागतो, त्यांना अध्ययन-सवयी असे म्हणतात. व्याख्यानाची टिपणे घेणे, ग्रंथवाचन, उजळणी, वेळेचे नियोजन, ग्रंथालयाचा वापर, सहाध्यायांशी चर्चा, परीक्षेची तयारी इत्यादींचा त्यांत समावेश होतो. अध्ययन-कौशल्य व अध्ययन-सवय यांत भेद करणे इष्ट ठरते. टिपण कसे काढावे हे ठाऊक असणे हे कौशल्य होय; प्रत्येक व्याख्यानानंतर ते काढले जाणे ही सवय होय. बहुसंख्य विद्यार्थ्यांची अडचण पहिल्या प्रकारची असते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा दुसऱ्या प्रकारची असते.

शालेय व महाविद्यालयीन अध्ययनात मूलभूत फरक आहे. शाळेत दिवसाची आखणी इतरांनी केलेली असते; गृहपाठ रोज तपासला जातो, घटक-चाचण्या होतात व वर्गशिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतो. महाविद्यालयात व्याख्यानांचे तास थोडे व मोकळा वेळ अधिक असतो. वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असू शकतात, परीक्षा काही महिने दूर असते आणि मधल्या काळात काय केले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परिणामी शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी पहिल्याच वर्षी मागे पडल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात. त्याची बुद्धी कमी झालेली नसते. तिला आधार देणारी बाहेरची चौकट तेवढी काढून घेतलेली असते. महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध अंमलात आल्यावर १९७५ मध्ये दहा वर्षांच्या अभ्यासक्रमावर आधारित शालान्त परीक्षा प्रथम झाली. तेव्हापासून हा बदल कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीच, विद्यार्थ्यासमोर येतो.

पूर्वपीठिका : भारतीय परंपरेत अध्ययनाच्या पद्धतीचा विचार पुरातन आहे. वेदपठणात पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ अशा पाठांच्या क्रमवार योजनेमुळे मजकूर अक्षरशः टिकविता आला. त्याच परंपरेत अर्थग्रहणासाठी श्रवण, मनन व निदिध्यासन हा निराळा क्रम सांगितलेला आहे. म्हणजे पाठांतर व आकलन या दोन वेगळ्या क्रिया आहेत व त्यांची साधनेही वेगळी आहेत, याची जाणीव तीत होती. पंतोजींच्या शाळेतील पाढे, पावकी, निमकी यांचे सामूहिक घोकणे हेही व्यवहारातील हिशेबापुरते सोयीचे साधन होते. घोकंपट्टी हा शब्द आज निंदाव्यंजक झाला असला, तरी दोष पाठांतरात नसून जेथे आकलन हवे तेथे पाठांतर योजण्यात आहे.

हा दोष वाढीस लागण्याचे एक कारण आधुनिक विद्यापीठांच्या रचनेत सापडते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. प्रारंभी ते मुख्यतः परीक्षा घेणारे मंडळ होते; अध्यापनाचे काम संलग्न महाविद्यालये करीत. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना अध्यापनाचे अधिकार दिले. तथापि संलग्न महाविद्यालये व विद्यापीठाची सामाईक परीक्षा ही मूळ चौकट कायम राहिली. शिकविणारा व तपासणारा भिन्न असल्यामुळे प्राध्यापकाने वर्गात काय मांडले यापेक्षा परीक्षक काय विचारील याला विद्यार्थ्याच्या लेखी महत्त्व आले. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवरून तर्क बांधणे, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे पाठ करणे व मूळ ग्रंथाऐवजी गाइड वापरणे या सवयी त्या रचनेला दिलेला एक प्रकारे सयुक्तिक प्रतिसादच होत. त्यांबद्दल केवळ विद्यार्थ्याला दोष देणे न्याय्य ठरत नाही.

धारणा व उजळणी : अध्ययन-सवयींच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या स्मृतिविषयक प्रयोगांपासून मानता येते. स्वतःवरच केलेल्या या प्रयोगांत त्याने निरर्थक शब्दावयवांच्या माला पाठ केल्या आणि काही काळानंतर त्याच माला पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले याचे मापन केले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही बचत वीस मिनिटांनंतर सु. ५८ टक्के, एका तासानंतर सु. ४४ टक्के, एका दिवसानंतर सु. ३४ टक्के व एकतीस दिवसांनंतर सु. २१ टक्के होती. विस्मरण आरंभी झपाट्याने व नंतर मंद गतीने होते, हे यावरून दिसते. अर्थपूर्ण मजकुराचे विस्मरण इतक्या वेगाने होत नाही. तरीही पहिली उजळणी त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी करावी, या व्यवहारनियमाला येथे आधार सापडतो.

याच प्रयोगांत एबिंगहाउसला असेही आढळले, की बारा शब्दावयवांच्या एका मालेची एकाच बैठकीत ६८ आवर्तने करून जे साधले, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी साधले. विभाजित अभ्यासाचा हा लाभ त्यानंतरच्या असंख्य प्रयोगांत आढळून आला आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेल्या अभ्यासाने दुसऱ्या दिवशीची प्रश्नपत्रिका सोडविता येते, हे खरे आहे आणि त्यामुळेच ती सवय सुटत नाही. मात्र असे ज्ञान पुढील सत्रात, जेव्हा त्याच विषयाचा वरचा भाग शिकावयाचा असतो तेव्हा, फारसे शिल्लक नसते. गणित, रसायनशास्त्र, लेखाकर्म यांसारख्या एकावर एक उभ्या राहणाऱ्या विषयांत ही हानी विशेष जाणवते.

पुनर्वाचन व प्रत्यावाहन यांची तुलना करणारा एक महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेतील सेंट लूइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी केला (२००६). विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला; दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक न पाहता आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पहिल्या गटाला सु. ८३ टक्के व दुसऱ्याला सु. ७१ टक्के मजकूर आठवला. एका आठवड्यानंतर मात्र हे प्रमाण अनुक्रमे सु. ४० व ६१ टक्के झाले. पुनर्वाचन करणाऱ्या गटाला आपल्याला हा मजकूर पुढेही चांगला आठवेल असा विश्वास अधिक वाटत होता, ही बाबही लक्षणीय आहे. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळखच ज्ञान म्हणून गणली जाते. पुस्तक मिटल्यावर काय उरते याची परीक्षा विद्यार्थी घेत नाही. जॉन डन्लॉस्की व त्याचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दहा अध्ययन-तंत्रांचे समालोचन केले. त्यांत स्वतःची चाचणी घेणे व अभ्यास कालावधीत विभागणे ही दोन तंत्रे सर्वांत उपयुक्त ठरली, तर ओळी अधोरेखित करणे व पुनर्वाचन ही विद्यार्थिप्रिय तंत्रे कनिष्ठ कोटीत गेली.

वाचन : ग्रंथवाचनाची सर्वांत प्रसिद्ध पद्धत ओहायओ राज्य विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन याने आपल्या इफेक्टिव्ह स्टडी या ग्रंथाच्या १९४६ च्या आवृत्तीत मांडली. प्रकरणाचे धावते अवलोकन, मथळ्यांवरून प्रश्न तयार करणे, त्यांच्या उत्तरांसाठी वाचन, न पाहता कथन आणि अखेरीस आढावा अशा तिच्या पाच पायऱ्या असून इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘एसक्यू थ्री आर’ या नावाने ओळखली जाते. तिचे मर्म दुसऱ्या व चौथ्या पायरीत आहे. इतर पायऱ्या बहुतेक वाचक कमीअधिक प्रमाणात करतातच. या दोन मात्र श्रमाच्या असल्याने टाळल्या जातात.

केवळ कष्टाळूपणा वाचनास पुरेसा नसतो, हे हार्व्हर्ड विद्यापीठातील विल्यम पेरी याने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अहवालावरून दिसून येते. प्रथम वर्षाच्या सु. १,५०० विद्यार्थ्यांना इतिहासाच्या पुस्तकातील तीसएक पृष्ठांचे एक प्रकरण अभ्यासासाठी देण्यात आले. प्रकरणाच्या शेवटी त्याचा सारांश दिलेला होता. सु. वीस मिनिटांनंतर, प्रकरणाचा मुख्य आशय काय असे विचारता तो थोडक्यात लिहू शकणारे विद्यार्थी शंभरात एक या प्रमाणात निघाले. तपशिलांवरील प्रश्नांची उत्तरे मात्र पुष्कळांना देता आली. हे सर्व निवडक व परिश्रमी विद्यार्थी होते. पहिल्या पानापासून ओळीने वाचत जाणे म्हणजेच प्रामाणिक अभ्यास आणि शेवट आधी पाहणे म्हणजे लबाडी, अशी त्यांची जणू धारणा होती. आपण हे का वाचत आहोत हा प्रश्न स्वतःला विचारण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते, असा पेरीच्या विवेचनाचा रोख आहे. आज्ञाधारकपणा हा शाळेत गुण मानला जातो. उच्च शिक्षणात तो एका मर्यादेनंतर अडसर ठरतो.

स्वीडनमधील गॉथनबर्ग विद्यापीठात फेरेन्स मार्टन व रॉजर सॅल्यो यांनी १९७६ मध्ये याच मुद्द्याला अधिक नेमके रूप दिले. उतारा वाचताना काही विद्यार्थी शब्द व तपशील ध्यानात ठेवण्याचा प्रयत्न करतात, तर काही लेखकाला काय म्हणावयाचे आहे याचा शोध घेतात. या दोन पवित्र्यांना त्यांनी अनुक्रमे वरवरचे व सखोल अध्ययन म्हटले. एकच विद्यार्थी प्रसंगानुसार दोन्ही पवित्रे घेऊ शकतो आणि कोणता घ्यावयाचा हे तो पुढे कोणते प्रश्न येणार या अपेक्षेवरून ठरवितो, असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणजेच प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या हाती विद्यार्थ्याच्या सवयींची एक किल्ली असते.

व्याख्यान व टिपणे : वर्गातील उपस्थितीचा गुणांशी निकटचा संबंध आहे. मार्कस क्रेडे व सहकारी यांनी २०१० मध्ये केलेल्या संकलित विश्लेषणात महाविद्यालयीन गुणांचे अनुमान करण्यास उपस्थिती ही प्रवेश-परीक्षेतील गुणांपेक्षाही अधिक उपयोगी आढळली. टिपणांसाठी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक याने १९५० नंतरच्या दशकात बसविलेली पद्धत सर्वत्र वापरली जाते. हौ टू स्टडी इन कॉलेज (१९६२) या त्याच्या पुस्तकातून ती प्रसृत झाली. तीत पानाच्या उजवीकडील रुंद भागात व्याख्यानाचे मुद्दे लिहितात. त्याच दिवशी डावीकडील अरुंद पट्टीत त्यांवरून सुचणारे प्रश्न वा सूचक शब्द लिहितात आणि तळाशी दोन-तीन वाक्यांत सारांश देतात. पुढे उजवी बाजू झाकून डावीकडील प्रश्नांची उत्तरे तोंडी द्यावयाची असतात. साध्या वहीत समास आखून हे करता येते व त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. प्राध्यापकाने सांगितलेला मजकूर शब्दशः उतरवून घेण्याची आपल्याकडील रीत याच्या नेमकी उलट आहे. तीत हात चालतो, पण निवड करण्याचे काम मनाला पडत नाही. संगणकावर टंकलेखन करण्यापेक्षा हाताने टिपणे घेणे श्रेयस्कर, असा निष्कर्ष २०१४ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात काढण्यात आला व तो फार गाजला. परंतु नंतरच्या पडताळणीत तो तितक्या निःसंदिग्धपणे टिकला नाही. समोरच्या पडद्यावर अन्य आकर्षणे असल्याने अवधान विचलित होते, हा आक्षेप मात्र कायम आहे.

वेळेचे नियोजन : कामास लागणारा वेळ माणूस कमी धरतो. कॅनडातील मानसशास्त्राच्या पदवी-विद्यार्थ्यांना आपला प्रबंध पुरा होण्यास किती दिवस लागतील, असे विचारण्यात आले असता सरासरी अंदाज सु. ३४ दिवसांचा आला, प्रत्यक्षात सु. ५५ दिवस लागले. सर्व काही बिघडल्यास किती लागतील या प्रश्नाला त्यांनी दिलेला अंदाजही सु. ४९ दिवसांचाच होता (ब्यूलर, ग्रिफिन व रॉस, १९९४). यास्तव भिंतीवर लावलेल्या भरगच्च वेळापत्रकापेक्षा, मागील कामास खरोखर किती वेळ लागला याची नोंद अधिक मार्गदर्शक असते. ठराविक जागी व ठराविक वेळी अभ्यासास बसणे, मोठ्या कामाचे एका बैठकीत संपतील असे तुकडे करणे व पुरेशी झोप घेणे या गोष्टींबद्दल अभ्यासकांत मतभेद नाहीत.

सहाध्ययन : या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद अभ्यास कोणत्याही तंत्राविषयीचा नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात प्रथम वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत. यूरी ट्राइझमन या गणिताच्या तरुण अध्यापकाने त्याची कारणे शोधण्याचे ठरविले. प्रथम त्याने सहकाऱ्यांची मते घेतली. विद्यार्थ्यांना ईर्षा नाही, पूर्वतयारी कच्ची आहे, घरी शिक्षणाचे वातावरण नाही, पैशाची अडचण आहे, अशी चार कारणे पुढे आली. चौकशीअंती यांपैकी एकही पुरेसे ठरले नाही. हे विद्यार्थी आपापल्या शाळांतील अग्रगण्य होते, त्यांच्या आईवडिलांनी शिक्षणासाठी झीज सोसलेली होती आणि शालेय गणितात चांगले गुण असलेले कितीतरी विद्यार्थीही अपयशी ठरत होते.

तेव्हा ट्राइझमनने वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडून ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात याचे त्यांच्या राहत्या ठिकाणी जाऊन निरीक्षण केले. वर्गातील प्रत्येक तासामागे दोन तास अभ्यास करावा, या सूचनेनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थी आठवड्यास सु. आठ तास अभ्यास करीत; तो ते एकट्याने करीत आणि अभ्यास व मैत्री यांची सरमिसळ होऊ देत नसत. स्वावलंबनाच्या या सवयीनेच ते शाळेत तरून गेले होते. चिनी विद्यार्थीही जवळजवळ तेवढाच वेळ एकटे अभ्यास करीत; पण नंतर एकत्र जमून आणखी चारएक तास उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका दाखवीत व जुन्या प्रश्नपत्रिका सोडवीत. एखादे उदाहरण सर्वांनाच सुटले नाही, तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळे. एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र आपणच कमी पडलो असे वाटे आणि ते तो कोणाजवळ बोलत नसे.

या निरीक्षणावरून १९७८ च्या सुमारास बर्कली येथे कार्यशाळा सुरू करण्यात आल्या. त्या उपचारात्मक वर्गांच्या स्वरूपाच्या नव्हत्या. विद्यार्थ्यांना हुशार म्हणून निमंत्रण दिले जाई, नेहमीपेक्षा कठीण उदाहरणे दिली जात व ती गटाने सोडवावयाची असत. अध्यापक आवश्यक तेथेच बोले. या कार्यशाळांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केवळ आपल्या समाजातील इतरांनाच नव्हे, तर वर्गातील गोऱ्या व आशियाई विद्यार्थ्यांनाही मागे टाकले. या प्रयोगाचे अनुकरण पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत झाले. सहकाऱ्यांनी सांगितलेली चारही कारणे विद्यार्थ्याकडे किंवा त्याच्या घराकडे बोट दाखविणारी होती, हे येथे नोंदविले पाहिजे. अशी कारणे आपल्याकडील प्राध्यापक-कक्षांतही ऐकू येतात व त्यांची शहानिशा क्वचितच होते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : महाराष्ट्रात सहाध्ययनाची परंपरा वसतिगृहांतून वाढली. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातिजमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने (स्थापना १९१९) वसतिगृह व श्रम यांची सांगड घातली. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात (१९४७) ‘कमवा व शिका’ योजनेने ती उच्च शिक्षणात आणली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय (१९४६) आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० मध्ये सुरू झालेले व पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ख्यात पावलेले महाविद्यालय काढले. वार लावून जेवण्याच्या व माधुकरीच्या जुन्या रूढीची जागा पुण्यातील विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या (१९५५) संस्थांनी घेतली. या संस्थांनी निवास व अन्नाबरोबर आणखी एक अमूल्य गोष्ट दिली : एक-दोन वर्षे पुढे असलेला विद्यार्थी. ज्याच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नाही त्याला ग्रंथालयातून पुस्तक कसे काढावे, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरावा, प्राध्यापकाला शंका केव्हा विचारावी यांसारख्या अलिखित गोष्टी पुस्तकातून कळत नाहीत. त्या खोलीतला दादा किंवा ताई सांगते. रोज गावाहून एसटीने ये-जा करणारा आणि शेवटची गाडी गाठण्यासाठी शेवटचा तास सोडणारा विद्यार्थी या लाभास मुकतो. शहरांत अलीकडे वाढलेल्या सशुल्क अभ्यासिकांत त्याला शांत जागा मिळते. परंतु तेथे बोलण्यास मनाई असल्याने त्याचा अभ्यास बर्कलीतील त्या विद्यार्थ्यांप्रमाणे एकाकीच राहतो.

भाषांतराचा प्रश्न याहून बिकट आहे. मराठी माध्यमातून आलेल्या व विज्ञान, वैद्यक वा अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास तोच विषय अकस्मात इंग्रजीतून शिकावा लागतो. ‘त्वरण’ ही संकल्पना त्याला चांगली समजलेली असते. ‘ॲक्सिलरेशन’ हा शब्द ऐकल्यावर ती क्षणभर हरवते आणि तेवढ्यात व्याख्यान पुढे गेलेले असते. असा विद्यार्थी आकलन होत नसल्याने पाठांतराकडे वळतो, त्याला तात्पुरते गुण मिळतात आणि सवय दृढ होते. पहिल्या सत्रात प्रत्येक विषयाची द्विभाषिक शब्दसूची स्वतः तयार करणे, वर्गापूर्वी त्या दिवशीचा भाग चाळून अपरिचित शब्द काढून ठेवणे, प्रथम मराठीत कारणमीमांसा करून मग ती इंग्रजीत लिहिणे हे उपाय अनुभवाने उपयुक्त ठरले आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने विविध शास्त्रांचे परिभाषा कोश प्रसिद्ध केले असून या कामी त्यांचा चांगला उपयोग होतो. खेदाची बाब ही, की ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज असते त्यांना ते आहेत हेच पुष्कळदा ठाऊक नसते. मराठीतून विचार करणे हा कमीपणा आहे असे विद्यार्थ्याला वाटू देणारा वर्ग त्याची एक चालती पायरी काढून घेतो.

मापन व मर्यादा : अध्ययन-सवयी मोजण्यासाठी प्रश्नावल्या वापरतात. ब्राउन व होल्ट्झमन यांची अध्ययन-सवयी व अभिवृत्ती यांविषयीची प्रश्नावली (१९५३) व क्लेअर वाइनस्टाइन हिने टेक्सस विद्यापीठात तयार केलेली सूची (१९८७) या विशेष प्रसिद्ध आहेत. विद्यार्थी काय करतो यापेक्षा काय करावयास हवे असे त्याला वाटते ते उत्तरांत उतरण्याचा धोका अशा साधनांत असतो. प्रत्येक विद्यार्थ्याची दृक्, श्राव्य इ. स्वतंत्र अध्ययनशैली असते व अध्यापन तिला जुळवून घेतल्यास अधिक लाभ होतो, या लोकप्रिय कल्पनेला २००८ मध्ये पॅश्लर व इतर यांनी केलेल्या समालोचनात पुरेसा पुरावा आढळला नाही. एका दिवसाच्या मार्गदर्शन-शिबिरात सांगितलेली तंत्रे महिन्याभरात मागे पडतात, असा अनेक महाविद्यालयांचा अनुभव आहे. विषयाच्या तासालाच, त्या विषयाच्या उदाहरणांवर ती करवून घेतली तर ती अधिक टिकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) अंमलात येऊ लागल्यापासून सत्रपद्धती, श्रेयांक व अंतर्गत मूल्यमापन यांचा भार वाढला आहे. वर्षभर विभागलेल्या लहान चाचण्या उजळणीस अनुकूल असतात. तथापि अंतर्गत गुण जेथे केवळ वही उतरवून सादर केल्याबद्दल दिले जातात तेथे, मूळ वही एका विद्यार्थ्याची व उरलेल्या सर्व तिच्या प्रती असतात.